परत लावता येणारं पॅकिंग

१२ जानेवारी

पुन्हा तेल! गाडीखाली पुरीएवढा काळा डाग. वैजनाथने माझ्याआधी पाहिला. चहा पिता पिता म्हणाला, "गाडी हाय तवर जा लातूरला. गाडी बसली की तूबी बस घरी." नवरा हे हसून म्हणतो. मामंजी हसत नाहीत. "शिकवायला लातूरात मास्तर कमी पडून राहिले का?"

क्लासमधला माझा शेवटचा तास साडेसातला संपतो. गावाकडची शेवटची बस सातला सुटते. गाडी नाही तर नोकरी नाही. आणि गाडी माझी आहे — आबांनी, माझ्या वडिलांनी, दिलेली, माझ्या नावावर.

१३ जानेवारी

चाकूरचा मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून: "वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं, मॅडम. ही गाडीच निघायची बंद झाली, पॅकिंग कुठून आणू? भंगारात टाका."

झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी रबराची एक चौकट. एवढ्यासाठी मी घरी बसू?

मीच करीन.

१४ जानेवारी, संक्रांत

ट्रॅक्टरची जुनी ट्यूब घेतली. झाकण वर ठेवून खडूने आखलं, कात्रीने कापलं. बोल्टची भोकं पाडायला मोडक्या छत्रीच्या दांडीचा तुकडा — टोक घासून धार काढली, वर हातोडी. हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा मी कोपरापर्यंत काळी! शेजारची अंजू म्हणाली, "वैनी, औंदा वाण म्हणून टूब वाटून राहिल्या का?" सगळ्या हसल्या. मीही. त्या गेल्यावर पुन्हा हातोडी घेतली.

१६ जानेवारी

गळालं. उघडलं तर रबर फुगून बाहेर आलेलं, जिभेसारखं. हे रबर तेलात फुगतं — दर वर्षी फळ्यावर लिहिते मी! केमिस्ट्रीच्या मॅडम! वैजनाथला कारण सांगितलं नाही. "झालं का समाधान?" म्हणाला.

नाही.

१७ जानेवारी

डिकीत तेलाचा डबा ठेवून जाते-येते. वाटेत थांबून ओतते.

१९ जानेवारी

लातूरहून इंजिनाचं सिलिकॉन आणलं. ते सुकून रबर होतं आणि तेलाला दाद देत नाही. झाकणाच्या कडेवर त्याची सलग वात ओढली. त्याआधी दोन्ही कडांना, झाकणाच्या आणि इंजिनाच्या, तेलाचं बोट फिरवलं, तव्याला फिरवतो तसं — चिकटू नये म्हणून. बोल्ट फक्त हाताने फिरवले. आज रविवार, सुकू दे. उद्या पान्याने आवळीन. कुठेच चिकटणार नाही, म्हणून हे हवं तेव्हा काढता येईल, पुन्हा लावता येईल.

मामंजी: "बायामानसाला कशाला हे धंदे."

२२ जानेवारी

रात्रभर गाडीखाली पेपर अंथरला होता. कोरा!

वैजनाथने तो उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. घडी घालून ठेवला.

२५ जानेवारी

आज वैजनाथ म्हणाला, "गाडी चांगली झाली, आता भागवतला देऊ. त्याला पोराला शाळेत सोडायला लागती."

भागवत त्याचा धाकटा भाऊ.

"आणि मी?"

"तू काय, घरीच हाईस की."

म्हणजे तेलाचा प्रश्न कधी नव्हताच.

२६ जानेवारी

पहाटे झाकण उघडून पॅकिंग काढलं. झाकण तसंच परत बसवलं. दहाला भागवतभाऊजी आले, किल्ली मागितली. दिली. वेशीपर्यंत गेले. बॉनेटमधून धूर, खाली तेलाची धार! ढकलत आणली.

वैजनाथ अंगणात ओरडला, "पॅकिंग कुठंय?"

"माझ्या पर्समध्ये."

"लाव मुकाट्यानं!"

"लावते. उद्या, मी निघताना."

२७ जानेवारी

लावलं. तेल भरलं. निघाले. साडेसातचा तास संपला. आठला वैजनाथचा फोन — "कुठवर आलीस?"

"लातूरलाच आहे," म्हटलं. "खोली घेतलीय."