धडकासुराच्या शेजारची सुकरी

आरमोरी,
६ जानेवारी २०२५

ती. धनराजभाऊस,
रंजीताचा शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. काल चंद्रपूरला आपल्या ‘असुररण’ खेळाची जिल्हाफेरी झाली, दोन्ही जिल्ह्यांची मिळून. मी पाचही लढती जिंकले आणि नागपूरच्या विदर्भ फेरीसाठी आपल्या जोडीचं नाव लागलं. तीन वर्षं आपण दोघं मोबाईलवर मान मोडून बसलो ते फळाला आलं. आता नाच त्या जंगलातल्या चौकीत. रेंज नाही, त्यामुळे बघायला अस्वलं तेवढी असतील.

आता दुसरं ऐक. घरी आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. जिंकल्याची किळस येते हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून तुला लिहिते.

तुझ्या सांगण्यावरून मी धडकासुराला संघात घेतलं. बदली होऊन तू धानोऱ्याकडे गेलास, त्यामुळे तू त्याच्याबद्दल नुसतं वाचलंस. मैदानात तो कसा दिसतो ते सांगते. संघातल्या चारांपैकी आपले दोन असुर आणि समोरच्याचे दोन, असे चौघे उभे असतात. हा पाय आपटतो आणि दणका उरलेल्या तिघांनाही बसतो. तिघांनाही, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच सोबत्यालाही. आणि कुणीही पडलं की याची ताकद दीडपट होते. म्हणून शहाणे खेळाडू काय करतात, तर शेजारी असा हलका जीव उभा करतात की जो पहिल्याच दणक्यात नक्की मरेल. मग दुसऱ्या दणक्याला समोर कुणी उरत नाही. दोन मिनिटांत सगळं आटोपतं. यात खेळ कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

आणि आपल्याकडे सगळ्यात हलकी कोण? सुकरी. अंड्यातून आपण काढली, पडलेल्याला फुंकर घालून उभं करते, म्हणून तूच तिला आपल्या आत्याचं नाव दिलंस. आई गेल्यावर तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, मासे धरून जिने आपल्याला वाढवलं तिचं नाव. काल दिवसभरात त्या सुकरीला एकदाही फुंकर घालता आली नाही. पाच वेळा मी तिला उभी केली, पाच वेळा आपल्याच दांडगटाने तिला मारली. ब्रह्मपुरीच्या चंदाताई म्हणून एक नर्सबाई माझ्यासमोर होत्या. बिचारीने जिवापाड जपून वाढवलेले असुर दोन मिनिटांत आडवे झाले. हरल्याचं त्यांना काहीच नव्हतं, उलट मलाच विचारत होत्या की तुमची ते लहानी रोजच अशी मरते काय वं?

खरी अडचण पुढे आहे. नागपूरला मला एकटीला पाठवायला आत्या तयार नाही, ती सोबत येणार आहे. तिथे लढती मोठ्या पडद्यावर दाखवतात. आत्याला स्वतःचं नाव तेवढं वाचता येतं, हे तुला ठाऊक आहे. मागे मी तिला सुकरीची फुंकर दाखवली होती, तेव्हापासून तलावावरच्या बायांना ती सांगत सुटली आहे की मी मोबाईलमंदी आहो, पोराइले दवापानी करतो. तिच्यासमोर हे चाळे मी करणार नाही.

एकदा जिल्हाफेरीत नोंदलेलं असुराचं नाव बदलता येत नाही, मी विचारून पाहिलं. संघातला असुर मात्र बदलता येतो. पण खातं आपल्या दोघांच्या नावावर, त्यामुळे अर्जावर दोघांच्या सह्या लागतात आणि तो सत्तावीस तारखेच्या आत नागपूरला पोचावा लागतो. सुकरीला काढावं तर आत्या तिलाच बघायला येते आहे, म्हणून धडकासुराला काढून वारलूला, आपल्या कासवाला, घ्यायचं असं लिहून अर्ज सोबत पाठवते. धानोऱ्याच्या गाडीचे कंडक्टर मनसारामभाऊ पत्र पोचवतील, उत्तरही आणतील.

आत्याचा आशीर्वाद. माझ्यावर लोभ आहे तसाच राहू दे, पण सही आधी कर.

तुझी धाकटी,
रंजीता


वनचौकी, ता. धानोरा,
१० जानेवारी २०२५

चि. रंजीता हीस,
धनराजचे अनेक आशीर्वाद.

पाच लढती! पत्र वाचून मी खरोखर नाचलो. वनमजूर अंकुशभाऊंना वाटलं की साहेबाले विंचू चावला.

अर्ज मात्र सही न करता परत पाठवतो आहे. रागावू नको. तुला नाकाने कांदे सोलायची हौस लहानपणापासूनच आहे. गेल्या वर्षी देसाईगंजला आपण वारलूच्या भरवशावर गेलो होतो, आठवतं? शेजारच्या वारलू आजोबांचं नाव दिलं तेव्हाच कळायला हवं होतं. आजोबांना गल्ली ओलांडायला अर्धा तास लागतो, कासवाला तेवढाही पुरला नाही. दुसऱ्याच लढतीत आपण बाहेर. थंडगार समोसे खाऊन घरी आलो, आणि तू चार दिवस उशीत तोंड खुपसून होतीस. तेव्हा तुझं हे सोवळं कुठे होतं?

सगळेच धडकासुर घेतात. तो खेळात आहे, नियमात आहे. आणि आत्याचं म्हणशील, तर पोरांच्या खेळात आपलं नाव पडलं म्हणून रुसणारी ती बाई नाही. आपल्यासाठी तिने याहून कितीतरी जास्त सोसलं आहे. पडद्यावर खोटं खोटं पडल्याने तिचं काय जाणार?

इकडची खबर बरी नाही. मंगळवारी नाल्यावर चौघांना धरलं. वरून जाणाऱ्या विजेच्या लाईनवर आकडा टाकून तार सरळ डोहात सोडली होती. आम्ही पोचलो तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बोटभर पिल्लं, खेकडे, बेडूक, एक पाणसाप, सगळं पांढरी पोटं वर करून तरंगत होतं. त्यांनी मोठे मासे तेवढे टोपल्यात भरले होते, बाकीचं तसंच सोडून निघाले होते. एकजण वर तोंड करून सांगत होता की सबच असे मारते साहेब, आमीच काय पाप केलं? मासे धरणाऱ्या घरात माझा जन्म गेला, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्यासमोरच थुंकलो. तो वास अजून नाकातून जात नाही आणि जेवणाचं नाव नको वाटतं.

असो. तू मन लावून खेळ. आत्याला नमस्कार सांग, पाण्यात फार वेळ उभी राहू नको म्हणावं. तुझ्यावर माया आहे म्हणूनच सही केली नाही, एवढं समजून घे.

तुझा भाऊ,
धनराज


आरमोरी,
१४ जानेवारी २०२५

ती. धनराजभाऊस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याने केलेला तिळगूळ सोबत पाठवते आहे. तो खा. गोड बोलायचं मात्र या संक्रांतीला माझ्याकडून जमणार नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू स्वतःच्या हाताने काय लिहिलंस ते तुला तरी कळलं का? पाण्यात तार सोडली, जवळचं, दूरचं, लहान, मोठं सगळं मेलं, आणि कामाचं तेवढं उचलून माणसं निघाली. भाऊ, हाच तुझा धडकासुर. तो डोहातला माणूस म्हणाला की सगळेच असे मारतात, आणि त्याच्या वरच्याच परिच्छेदात तूही तेच लिहिलं आहेस. तो बोलला तर तू थुंकलास. मग माझ्यावरही थुंक, कारण मी पाच वेळा तार सोडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आपल्या तलावावर जाळं ओढतात तेव्हा काय करतात ते तू विसरलास. बोटभर पिल्लं आधी पाण्यात परत जातात, त्याशिवाय टोपल्याला कुणी हात लावत नाही. काठावर नुसत्या बसलेल्या म्हातारीलाही वाटा मिळतो. हे आपल्याला आत्याने शिकवलं. एकदा तू मुठीत पिल्लू लपवून आणलंस तर तिने तुला भर थंडीत परत तलावावर पाठवलं होतं. आणि तिचंच नाव दिलेला जीव आपण रोज मारायला पुढे करायचा, वर म्हणायचं की तिचं काय जातं. मला तुझ्या या वाक्याची शिसारी आली. तिचं काय जातं असं म्हणतच आपण दोघं एवढे मोठे झालो.

देसाईगंजला मी उशीत तोंड खुपसून रडले हे खरं आहे. हरल्याचं रडू धुतलं की जातं. हे जात नाही.

आत्याने नागपूरसाठी नवं लुगडं काढून ठेवलं आहे. शेजारच्या रंभाबाईंना सांगत होती की मोठ्या पडद्यावर माहं नाव येनार, बाईमानसाचं नाव कोन लावते एवढं मोठं. अर्ज पुन्हा पाठवते. या वेळी सही न करता आला तर मी नागपूरला जाणारच नाही.

राग धर, पण माया सोडू नको.

रंजीता


वनचौकी, ता. धानोरा,
१९ जानेवारी २०२५

चि. रंजीता हीस,
आशीर्वाद.

तारेचं वाचून आधी तुझा राग आला. पत्र चुरगाळून टाकलं, मग सरळ करून परत वाचलं. तुझं बरोबर आहे. मी ते सगळं शहाणपण सांगितलं, कारण नागपूरच्या त्या खुर्चीत मलाच बसायचं होतं. बसता येत नाही, तर निदान तू तरी काहीही करून जिंकावंस असं वाटलं.

तू पाठवलेला अर्ज चुरगाळताना फाटला. अंकुशभाऊंच्या मुलीने धानोऱ्याहून नवा छापून आणून दिला. त्यावर मी सही केली आहे. असुरांचे चारही रकाने कोरे ठेवले आहेत. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते तू भर. मला विचारू नको, आणि मीही विचारणार नाही.

तिळगूळ चौकीवर सगळ्यांनी खाल्ला. आत्याच्या हाताची चव इकडे कुणाला नाही. तुमच्या दोघींवर जीव आहे, तो तसाच राहील.

धनराज


आरमोरी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. धनराजभाऊस,
शि. सा. न. वि. वि.

कोरा कागद पाठवलास ते तू फार वाईट केलंस. नाही म्हणाला असतास तर आयुष्यभर तुला बोल लावता आले असते.

वारलूचं नाव मी पेन्सिलीने लिहिलं होतं. चोवीस तारखेला नागपूरला येणाऱ्या सोळा जोड्यांची यादी आली. त्यातल्या चौदांकडे धडकासुर होता. मी ती यादी पाहिली, रबर घेतलं, वारलूला खोडलं आणि शाईने धडकासुर लिहिलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. आत्या तेव्हा अंगणात जाळं विणत बसली होती.

काल नागपूरला चार लढती झाल्या. चारही मी जिंकले. राज्याच्या फेरीसाठी आपल्या जोडीचं नाव लागलं आहे, मार्चमध्ये पुण्याला जायचं आहे. आता बाकीचं लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगता येणार नाही.

आत्या नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर सुकरी हे नाव आलं, माणसाच्या उंचीएवढी अक्षरं. तिने वाचलं, शेजारच्या बाईंना हात लावून दाखवलं. मग दणका बसला आणि सुकरी पडली. आणि आत्या उठून उभी राहिली, भाऊ, आणि तिने टाळ्या वाजवल्या. सगळा हॉल हसला. तिला वाटलं, आपल्यासोबत हसतात. तिसऱ्या लढतीपर्यंत लोकांना चटक लागली होती. मी सुकरीला उभी केली की मागून आरडाओरडा सुरू, सुकरी गेली, सुकरी गेली. आत्याही त्यांच्यात सूर मिसळत होती. मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझी बोटं मात्र जराही चुकली नाहीत. याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटते.

परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावत होते की तिला काही कळलं नाही, झालं ते झालं. नागभीड जवळ आलं तेव्हा ती आपणहून बोलली. म्हणाली की पयल्याच खेपेले समजलं मले, मी पडली का तू जितते. मग म्या टाळ्या नाई वाजवाव तं काऊन नाई? पुन्यालेही पडा लागलं तं पडीन म्हने. आणि वर मला बजावलं की हे धनराजले सांगू नको, त्याले उगाच वाईट वाटन.

मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकले. आत्याला वाटलं, गाडी लागली. तिने माझी पाठ चोळली, पदराने तोंड पुसलं आणि पिशवीतलं लिंबू काढून नाकाशी धरलं. घरी येईपर्यंत तिने ते तसंच धरून ठेवलं होतं.

पुण्याचा अर्ज सोबत आहे. पुन्हा दोघांच्या सह्या लागतात. चारही नावं मीच भरली आहेत, तीच, त्याच शाईने. सही करण्याआधी धडकासुराचं नाव तू खोड. मी दोनदा पेन उचललं, माझ्याने झालं नाही. आणि तू नाही खोडलंस, तर मी पुण्याला जाईन आणि तिला पुन्हा त्याच्या शेजारी उभी करीन. हे आता मला ठाऊक झालं आहे.

लोभ ठेव असं लिहायला या वेळी हात धजत नाही. ठेवलास तर तो आत्याच्या नावाने ठेव.

रंजीता