न जळणारी टेप

३ जानेवारी १९९४, धुळे
आजपासून पीएच.डी. कॉलेजात कॉम्प्युटर आलाय, खोलीची किल्ली माझ्याकडे. विषय: सुपरकंडक्टिंग टेपमधलं क्वेंच. सौ.ला समजावलं की टेप द्रव नायट्रोजनमध्ये गार असते तोवर करंट विनाअडथळा जातो. एखादा ठिपका तापला की तिथे उष्णता साचत जाते आणि टेप जळते, तेच क्वेंच. ती म्हणाली, मग गारच ठेवायची. थिअरी तिचा प्रांत नाही.
द्रव नायट्रोजन गावात फक्त गुरांच्या दवाखान्यात, कृत्रिम रेतनासाठी. ते देईनात. म्हणून प्रयोग रद्द. नुसतं मॉडेल.

५ जानेवारी
प्रोग्राममध्ये मीटरभर टेपचे दोनशे तुकडे पाडले. मधला एक सेंटिमीटर तापवला. प्रत्येक तुकड्याचं तापमान मशीन काढणार. दहाला रन सुरू. साडेअकराला लोडशेडिंग. सगळं पुसलं गेलं. या देशात संशोधन कुणाला नकोच आहे.
उद्यापासून पहाटे चारला कॉलेजात.

६ जानेवारी
थंडी फार. उठणं झालं नाही. सोमवारपासून नक्की.

११ जानेवारी
पहाटेची गरज नाही, डोकं चालवलं की झालं. रन लाईट जायच्या आत बसवायचा. शंभर तुकडे केले. बसला नाही.

१३ जानेवारी
चाळीस. थोडक्यात हुकलं.

१५ जानेवारी, स. ११.२०
दहा तुकडे. लाईट जायच्या आत रन पूर्ण! मधला तुकडा जरासा तापला आणि पुन्हा गार. टेप जळालीच नाही. उष्णता दुप्पट केली, तरी नाही. परदेशात सगळ्यांच्या टेपा जळतात, माझी जळत नाही.
रसायनशास्त्राच्या मोतीलाल सरांनी विचारलं, तुकडे फार मोठे नाहीत ना. मत्सर, दुसरं काय.

१९ जानेवारी
सौ.ने माहेरी शिंदखेड्याला कळवलं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जावई डॉक्टर झाले असं गल्लीभर सांगून टाकलं. अजून नोंदणीही नाही, पण आबांच्या आनंदावर विरजण कशाला घाला.

२८ जानेवारी, जळगाव
सेमिनार. पेपर उत्तम वाचला. माझे होऊ घातलेले गाईड सोनवणे सर यांनी एकच शंका काढली. तापवलेली जागा केवढी? एक सेंटिमीटर, म्हणालो. आणि तुकडा? दहा. मग ते हळूच म्हणाले, म्हणजे चिमूटभर आग तुम्ही वीतभर जागेत पसरवून टाकली, जळणार कशी? हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. लगेच चहा जाहीर झाला.
चहावर सर म्हणाले, पुन्हा दोनशे तुकड्यांनी करा. टेप टिकली तर सोमवारी नोंदणी करून टाकू. जळाली तर त्यात नवं काही नाही, जगाला ते माहीत आहे. मग यंदाचं विसरा.
टिकणारच. तुकड्यांनी काय होतं?

३० जानेवारी, रविवार, धुळे
सकाळी आठला रन लावला. आबा शिंदखेड्याहून शाल-नारळ घेऊन आले होते, मी घरी नाही हे बघून थेट कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन बसले.
साडेअकराला लाईट जाईल म्हणून वाट पाहिली. गेली नाही. बाराला नाही. एकलाही नाही. रविवारची अशी लाईट मी धुळ्यात पाहिली नव्हती. स्विचकडे दोनदा हात गेला. आबा बघत होते.
दोनला मधले दोन तुकडे तापू लागले. शेजारचे तुकडे गारच, त्यांना पत्ताच नाही. मधले मात्र चढत गेले आणि जळाले. दुप्पट उष्णता नव्हे, पहिलीच, साधी.
आबांनी अहिराणीत विचारलं, बठ्ठं बरोबर शे ना, जावईबापू?
शे, म्हणालो, सगळं बरोबर आहे. खोटं नाही बोललो. माझ्या प्रोग्रामचं उत्तर आज पहिल्यांदाच बरोबर आलं होतं.
मग त्यांनी मला शाल पांघरली. नको म्हणायला तोंड उघडलं, पण रडू येईल असं वाटलं, म्हणून नमस्कार केला.