शिडीवाल्याचा अकरावा भाग

सिन्नर,
गुरुवार, ४ जानेवारी २००७

प्रिय चंदर,

दहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता आठवड्यात दोन पत्रं. पहिलं मिळालं असेल, नाहीतर आजउद्या मिळेल. सोनेरी काठाचं जाड पाकीट आहे. आत माझ्या अक्षरात लिहिलंय की येत्या चौदा तारखेला, रविवारी, पंचवटीत आपल्या जुन्या मालिकेच्या मंडळींचा सत्कार आहे, लोकांचा फार आग्रह आहे, तू नक्की ये, आणि अकराव्या भागाची कॅसेट तुझ्याकडे असेल तर आठवणीनं घेऊन ये. अक्षर माझंच आहे, पण ते मला समोर बसवून लिहून घेतलंय. तू यायचं नाहीस. हे आधी सांगून टाकते आणि बाकीचं मुळापासून सांगते, कारण मी पडले मास्तरीण. तू हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच.

सिन्नरला मी गोजराआत्याकडे आलेय, आईला घेऊन. आईला सांगितलं की आत्याला गुडघ्यांनी उठवत नाही. आत्या तर अंगणात गहू निवडत बसली होती, आम्हाला बघून तीच घाबरली. पंचवटीतल्या पोस्टात हे पत्र टाकायचा धीर झाला नाही. तिथला कारकून हल्ली माझ्या पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचतो. हे पत्र तू तुझ्या बायकोला, सविताला, वाचायला दिलंस तरी माझी हरकत नाही, उलट दे. त्यात लपवण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे तुझ्यावर माझा जीव होता, आणि ते तुला तेव्हाही ठाऊक होतं. आता ती गोष्ट जुनी झाली. तुमच्या इचलकरंजीत सूतगिरणीचा भोंगा वाजला की तू हजेरीच्या खिडकीशी बसतोस, तुला एक मुलगी आहे, ती चौथीत आहे, एवढं मला कळलंय. कसं कळलं तेही पुढे येईल.

तुला आठवतं का रे, सुरुवात कशी थिल्लर होती? शहाण्णवची दिवाळी. तुझ्या मळ्यातला झेंडू गाळ्यावर ओतलेला, गिऱ्हाईक पावशेर मागतंय आणि तू त्याला वॉर्डातल्या गटारींवर भाषण देतोयस. ललित लग्नांच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन तिथंच उभा होता. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती, आणि ललितच्या केबलला रविवारी संध्याकाळी दाखवायला काही नव्हतं. मी चौथीच्या वह्या तपासता तपासता पहिला भाग लिहिला. तात्या शिडीवाले, अपक्ष उमेदवार, निशाणी शिडी. सायकलला आडवी शिडी बांधून गल्लोगल्ली फिरणारा, दर निवडणुकीला उभा राहणारा आणि दर वेळी पडणारा. निवडून आलो तर गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला नाव देईन, म्हणजे मागे लागल्यावर कोणाला हाक मारायची ते कळेल, असं वचन देणारा. आणि त्याचं ते वाक्य, जे रिक्षावाले तुला बघून ओरडायचे: ‘बाकीचे चढतात ते उतरत नाहीत. मी चढतो, बघतो आणि खाली येऊन सांगतो!’

दर भागात तू कुठं तरी शिडी लावायचास आणि वर काय दिसतं ते सांगायचास. पाण्याच्या टाकीवर चढलास तेव्हा आत पाणी नव्हतं, एक कर्मचारी घोरत होता. अख्खी पंचवटी हसली. तात्याच्या विरोधातला नगरसेवक मी कधी दाखवलाच नाही. नुसता त्याच्या जीपचा हॉर्न ऐकू यायचा, तीनदा, तुटक, आणि लोक आपोआप रस्त्याच्या कडेला व्हायचे. तो हॉर्न कोणाचा हे सांगायची गरज नव्हती. आपल्या वॉर्डाचे आबा, महापालिकेचे ठेकेदार आणि नगरसेवक दोन्ही, पेठ रोडला ज्यांचं उंच भिंतीचं गोदाम आहे, ते तसाच वाजवायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तेव्हा आपल्याला वाटायचं, आपण फार धीट आहोत.

अकराव्या भागात मी तुला त्याच गोदामाच्या भिंतीला शिडी लावायला लावलं. कल्पना माझी होती, तू नको म्हणत होतास. वहीत विनोद असा होता की भिंतीपलीकडे नगरसेवकाची जुनी आश्वासनं पोत्यात भरून ठेवलीत आणि ती उंदरांनी कुरतडलीत. तू चढलास, पलीकडे बघितलंस आणि गप्प झालास. ललितला वाटलं, तू वाक्य विसरलास. मग तू सावकाश म्हणालास, ‘एक माणूस निजलाय. डोळे उघडे ठेवून निजलाय. पायात एकच चप्पल हाय, तिला पट्टा नाय, हिरव्या लुगड्याचा काठ बांधलाय.’ खाली सगळे खो खो हसले. मीही हसले, चंदर. तू उतरलास आणि पाणी मागितलंस.

संध्याकाळी गंगेवर, गोदेच्या पायऱ्यांवर बसून तू मला खरं सांगितलंस. अर्धवट खणलेल्या हौदाशेजारी चिखलात माखलेला माणूस पडला होता, त्याच्यावर दोघं ताडपत्री ओढत होते, आणि त्यातल्या एकानं मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तो हौदात दरड कोसळून मेला की कोणी मारला, तुलाही सांगता येईना. चौकीत जाऊ म्हणालास. मी म्हणाले, थांब, घाई नको. भागाचं काय करायचं विचारलंस तर म्हणाले, जाऊ दे तसाच, विनोदात खपून जाईल, काढला तर उलट संशय येईल. चांगली शहाणी मी, उंटावरची. बारा जानेवारीला रविवारी तो भाग लागला आणि खपला.

बुधवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी ठमाबाई उभी होती. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. तिचा नवरा पुंजा भात झोडून झाल्यावर नाशकात मजुरीला आला होता, आबांच्या गोदामावर खणकाम करत होता, आणि पंधरा दिवस त्याचा पत्ता नव्हता. गोदामावर म्हणाले, उचल घेऊन पळाला. पाड्यावरच्या एका पोऱ्यानं पंचवटीतल्या चहाच्या टपरीवर आपला भाग बघितला आणि तिला सांगितलं. ती मला म्हणाली, ‘बाई, चपलेला काठ मीच बांधला व्हता, माझ्या लुगड्याचा. तुमच्या शिडीवाल्यानं माझा माणूस देखला का?’ मी म्हणाले, त्याला विचारून उद्या सांगते.

तो उद्या उजाडला आणि आबाच आले. शाळेत गणवेशवाटप होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून, लाडू खात, अगदी प्रेमानं म्हणाले, ‘मॅडम, लय हसलो. आमच्या भिंतीवरून डोकावला म्हणे तुमचा हिरो. ते जे त्याला दिसलं, ते तुम्ही लिहिलेलं, का त्याचं स्वतःचं?’ इतकंच विचारलं. आवाज चढवला नाही, हातातला लाडू मोडून अर्धा मला दिला. मी म्हणाले, मीच लिहिलेलं. तो लाडू मी खाल्ला, हे मला कधी विसरता आलं नाही.

घरी येऊन मी वहीतलं उंदरांचं पान फाडलं आणि नवीन पान लिहून चिकटवलं. निजलेला माणूस, उघडे डोळे, हिरवा काठ, सगळं माझ्या अक्षरात. शनिवारी ठमाबाईच्या तक्रारीवरून हवालदार तिला घेऊनच आला, त्यानं वही वाचली, हसला आणि ठमाबाईला म्हणाला, ‘अगं बाई, हा विनोद हाय, विनोद. लिहून काढलेला.’ तिला वाचता येत नव्हतं. तिनं वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘बाईंनी लिव्हलं तर खरंच आसंल.’ म्हणजे माझं लिहिलेलं खरं, म्हणून तिचा माणूस खोटा. त्या आठवड्यात मालिका बंद झाली. पंधरा दिवसांत मीच तुला नाशिक सोडायला लावलं. तू चिडला होतास, तुला वाटलं मला तुझी कटकट नको झालीय. मला तू जिवंत हवा होतास, बाकी काही सुचत नव्हतं.

तेव्हापासून ठमाबाई दर संक्रांतीला येते. नागलीचं पीठ आणते, हळद आणते, एकदा तर पाड्यावरून कोंबडी घेऊन आली होती. बसते, चहा पिते आणि जाताना एकच विचारते, ‘तुम्ही काठ हिरवाच कसा लिव्हला, बाई?’ दर वर्षी मी म्हणते, असंच सुचलं. तिच्या पिठाची भाकरी खाऊ नये वाटतं, पण टाकून देता येत नाही, म्हणून खाते. तीन वर्षांमागे एका वकीलबाईंनी तिला सांगितलं, सात वर्षं झाली, आता कोर्टातून नवरा मेल्याचा दाखला मिळेल, विधवेची पेन्शन मिळेल. ती म्हणाली, ‘मेला आसा कागद मला नको. कुठं मेला, त्याचा कागद पायजे.’ मी तिथंच बसले होते. वकीलबाईंनी तेव्हापासून पाठपुरावा सोडला नाही. येत्या सोमवारी, आठ तारखेला, कोर्टात तारीख आहे, आणि साक्षीदारांत माझंही नाव आहे.

आणि निवडणूक परत आलीय. आबांनी ललितकडून दहा कॅसेटी नेल्या. ललितनं आता मोबाइलचं दुकान टाकलंय आणि मला बघितलं की तो खाली बघून बिलं फाडतो. गेल्या शनिवारी आबा घरी आले. आईच्या पाया पडले, तात्या शिडीवाल्याची वाक्यं म्हणून दाखवली, पाठ आहेत त्यांना. या वेळी प्रचारात केबलवर सगळी मालिका परत लावू म्हणाले, लोकांना आबा स्वतःवर हसू शकतो हे दिसलं पाहिजे. अकरावा भाग तेवढा सापडत नाही, चंदरकडे असेल. मग कागद पुढे केला. ‘तुमच्या हातानं लिहा, मॅडम. तुमचं अक्षर बघून तो येईल.’ मी लिहिलं. पाकिटावर पत्ता घालताना म्हणाले, थांबा, आणि तुझा पत्ता त्यांनी मला सांगितला, चंदर, पिनकोडसकट. गिरणीतली तुझी खिडकी, सविताचं नाव, सगळं त्यांना ठाऊक होतं. जाताना म्हणाले, मुलगी हुशार आहे म्हणे त्याची, चौथीत पहिली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कंपाउंडला शिडी टेकलेली होती. आपलीच, तात्याची, तिसरी पायरी तारेनं बांधलेली. नवा पिवळा रंग दिलेला. कोणी आणली, कोणी बघितलं नाही. सोमवारी ती न्हाणीघराच्या झरोक्याखाली होती. मंगळवारी स्वयंपाकघराच्या खिडकीला. आई म्हणाली, कोणी रंगारी विसरून गेला असेल, बिचारा शोधत असेल. बुधवारी ती आईच्या खाटेशेजारच्या खिडकीला होती, आणि मी आईची पिशवी भरली.

कॅसेट माझ्याकडेच आहे. त्या रविवारी भाग लागून संपला आणि ललित वायरी गुंडाळत होता, तेव्हा मी ती पर्समध्ये घातली. इतकी वर्षं नागलीच्या डब्यात होती, आणि उंदरांचं फाडलेलं पानही तिथंच. कॅमेरा खाली होता, त्यामुळे भिंतीपलीकडचं काहीच त्यात नाही, फक्त तुझा चेहरा आहे. मागे एकदा आई देवळात गेली असताना मी ती लावून बघितली. तुझा चेहरा बघितल्यावर कोणी म्हणणार नाही की तू माझं लिहिलेलं वाक्य बोलतोयस.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. सत्काराला येऊ नकोस, एवढंच सांगायचं तर दोन ओळींत झालं असतं. सोमवारी मी कोर्टात वही, फाडलेलं पान आणि कॅसेट देणार आहे, आणि शपथेवर सांगणार आहे की ते पान मी नंतर लिहिलं. ठमाबाईला मी अजून काही सांगितलेलं नाही, तिला ते तिथंच कळेल, आणि मग ती माझ्याकडे कशी बघेल ते मला सोसावं लागेल. पण मी तसं सांगितलं की ते वाक्य माझं राहणार नाही. ते तू बघितलेलं होईल, आणि बघणारा तू एकटाच आहेस. दहा वर्षं मी त्या खोट्या पानाच्या आड तुला ठेवलं, आणि आता तुला न विचारता ते काढून घेतेय. विचारलं असतं आणि तू नको म्हणाला असतास, तर मी परत गप्प बसले असते, माझं मला माहीत आहे. म्हणून हे पत्र मिळेल त्या दिवशीच सविताला आणि पोरीला घेऊन घर सोड. कुठे जाताय ते मलाही कळवू नकोस. वकीलबाईंचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय, त्याचं काय करायचं ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. तू चढलास, बघितलंस आणि खाली आलास, चंदर. सांगू मी दिलं नाही. सोमवारी अकरा वाजता माझं नाव पुकारतील.

अजूनही तुझीच,
सुवर्णा