ओटीतले चार दाणे

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आले एकदाची. खरं तर शनिवारीच रुजू व्हायचं होतं, पण एक तारीख म्हणजे सीमाभागाचा काळा दिवस, बेळगावात निम्मं बंद. आई म्हणाली, सोमवारच धर. आज पहिल्या बसने निघाले आणि निपाणीच्या अलीकडे हायवेलाच उतरले. हॉस्पिटल नवं कोरं आहे, फरशीत तोंड दिसेल इतकं. नर्सेसच्या होस्टेलवर मला खिडकीजवळची कॉट मिळाली. खिडकी उघडली की तंबाखूचा वास येतो. येऊ दे. वडगावात आमच्या पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही. बाबा गेल्यापासून तो माग आईच चालवते. तो खडखडाट कानात नसताना झोप लागेल का, हीच काय ती काळजी.

मेट्रन नागुबाई. सगळे त्यांना आक्का म्हणतात. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आल्या आल्या विचारलं, "जेवलीस व्हय गं अंजनी?" इतक्या मायेने मला मागच्या नोकरीत पाच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या मागे स्टाफची क्वार्टर्स आहेत. दोन खोल्या, पुढे पेरूचं झाड. क्वार्टर मिळालं की आरोहीला घेऊन यायचं. पाच वर्षांची पोर आजीकडे ठेवून मी इथे आले ती त्यासाठीच. तिचे वडील गोव्याला कंपनीत, असून नसल्यासारखे. तेव्हा आम्ही दोघी आणि पेरूचं झाड, बस.

आणि इथे कोण भेटावं? प्रियदर्शनी! येळ्ळूरची. नर्सिंगला ती कायम पहिली, मी कायम दुसरी. माझ्या आधी दोन महिने इथेही येऊन बसली आहे. मला मिठी मारून म्हणाली, लई बरं झालं आलीस ते. मीही हसले. तिचा सूरज आमच्या आरोहीच्याच वयाचा, येळ्ळूरला आजोबांजवळ असतो. म्हणजे क्वार्टरवर डोळा तिचाही असणार.

सोमवार, १० नोव्हेंबर

इथे दर सोमवारी सकाळी हॉलमध्ये सभा असते. डॉक्टर नागेंद्र, म्हणजे मोठे डॉक्टर, माईक घेऊन आठवड्यातले बदल सांगतात. आजचे बदल असे: हजेरी अंगठ्याची. मोबाईल लॉकरमध्ये, होस्टेलवरही न्यायचा नाही. मग ते चष्मा पुसतात आणि म्हणतात, आता आपल्या सहकाऱ्याचं कौतुक.

आजचं कौतुक प्रियदर्शनीचं. अजून तीन महिने पुरे नाहीत! एका म्हाताऱ्याचं बीपी पडलेलं तिने वेळेवर ओळखलं म्हणे. गेल्या आठवड्यात मी दोघांचं ओळखलं, त्याचं काय? टाळ्या मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

कौतुकाची रीत मात्र छान आहे. पुरुषांना शाल-नारळ, बायकांची ओटी भरतात. प्रियदर्शनी साडी नेसून आली होती. आक्कांनी तिच्या पदरात खण, नारळ, ओंजळभर तांदूळ घातले. मग म्हणाल्या, "ज्याच्यासाठी राबतीस त्याचं नाव घे, आन् चार दाणे माघारी टाक." तिने माईकवर सांगितलं, माझ्या सूरजसाठी, आणि चार दाणे ताटात टाकले. सासरी जाताना लेकही ओटीतले चार दाणे मागे ठेवते, माहेर भरलेलं राहावं म्हणून. तसंच काहीसं असेल. आक्कांनी ते दाणे मात्र ताटात ठेवले नाहीत. उचलून तोंडात टाकले आणि सावकाश चावले.

शेवटी क्वार्टरची किल्ली. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला लिहू!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ओटी भरलेल्या सगळ्या सिस्टर सभेला पुढच्या रांगेत उभ्या राहतात. बसत नाहीत. प्रियदर्शनी आता त्यांच्यात. काम तर असं करते की बघत राहावं. सुई एका झटक्यात शिरेत. दमत नाही, चिडत नाही, डबा खायला येत नाही. आज तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी राखून ठेवली होती, तर म्हणाली, भूक नाही सिस्टर. सिस्टर! एका ताटात जेवलेलो आम्ही. क्वार्टर काय मिळालं, माणूस ओळखेनाशी झाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आजचे बदल. डबा खायची खोली बंद, कारण वापर कमी. स्टाफच्या नातेवाइकांना भेटायचं असेल तर त्यांनी ओपीडीत केस पेपर काढून रांगेत यायचं. डॉक्टर हे अगदी गोड आवाजात सांगतात, त्यामुळे टाळ्या पडतात.

कौतुक एका लॅबवाल्याचं. शाल-नारळ देऊन आक्कांनी त्यालाही कुणाचं तरी नाव घ्यायला, चार दाणे टाकायला लावलं. पुढच्या सोमवारपासून तोही पुढच्या रांगेत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज विचित्रच झालं. दुपारी ड्रेसिंगचं सामान काढत होते, तर प्रियदर्शनी मागे येऊन उभी. बराच वेळ उभी असावी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग माझं मनगट धरलं. हात थंडगार. म्हणाली, "अंजे, माझ्या पोराचं नाव काय हाय गं? तुला ठावं हाय. येकदाच सांग."

मला वाटलं, चढलंय हिला. कामाच्या गडबडीत पोराचं नावसुद्धा आठवत नाही, एवढी मी मोठी, हे दाखवायला आली. मी म्हटलं, "क्वार्टर तुला, सत्कार तुला, आन् पोराचं नाव बी मीच सांगू व्हय?"

तिने हात सोडला आणि गेली. चेहरा पुसलेल्या पाटीसारखा झाला होता.

आता लिहिताना बरं वाटत नाही. तीन अक्षरं तर होती. उद्या सांगेन.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगितलं. वॉर्डमध्ये गाठून कानात म्हटलं, अगं, सूरज. तिने विचारलं, कोणत्या बेडचा पेशंट?

रविवार, २३ नोव्हेंबर

येळ्ळूरहून तिचे वडील जोतिबाआप्पा सूरजला घेऊन आले होते. केस पेपर काढून ओपीडीच्या बाकावर बसले. प्रियदर्शनी आली. पोरगं आई म्हणून कमरेला बिलगलं. तिने त्याची नाडी पाहिली, जीभ बघितली आणि आप्पांना सांगितलं की काळजीचं काही नाही, घरी घेऊन जा.

आप्पा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "ही अशी काय करायलीय गं, पोरी?"

होस्टेलवर येऊन दार लावून घेतलं. ते दाणे. आक्का ते चावतात तेव्हा डोळे मिटून घेतात. मी दोनदा पाहिलंय.

हे कुणाला सांगू? मोबाईल लॉकरमध्ये. आणि सांगून विश्वास कोण ठेवणार?

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी बॅग भरून ठेवली होती. सभा आटोपली की निघायचं.

सभेत डॉक्टर म्हणाले, पेरूच्या झाडाजवळचं एक क्वार्टर रिकामं आहे. पुढच्या सोमवारी अंजनी सिस्टर किंवा तेजस्वी सिस्टर, दोघींपैकी एकीचं कौतुक होईल. तेजस्वी माझ्या शेजारच्या कॉटवरची. कालची पोर! सलाईन लावताना हात थरथरतो तिचा. माझ्याकडे बघून गालात हसली.

बॅग परत कॉटखाली सरकवली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

माझं नाव लागलं. माझं! तेजस्वीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मी विचार केलाय. आरोहीचं नाव घ्यायचंच नाही. बाबांचं घ्यायचं. बाबा गेलेत, त्यांचं आता कोण काय नेणार? चार दाणे टाकायचे, किल्ली घ्यायची, आरोहीला आणायचं. कुणाला कळणारसुद्धा नाही. आक्कांनी आईला निरोप धाडलाय, नातीला घेऊन सत्काराला या म्हणून. पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवणार आहेत.

बाबांचं नाव. फक्त बाबांचं.

सोमवार, १ डिसेंबर

आईने घरच्या मागावरची साडी आणली होती, तीच नेसले. ओटी भरली. हॉल गच्च. आक्का म्हणाल्या, नाव घे गं बाई.

बाबांचं नाव ओठावर होतं. खरंच होतं. पण समोर तेजस्वी बसली होती, डोळ्यांत नुसती जळजळ. तिच्या पलीकडे माझी लेक, नवा फ्रॉक घालून मला हात करत होती. मला वाटलं, बघ म्हणावं. बघ, हे सगळं कुणाच्या आईला मिळतंय.

माईकवर मोठ्यांदा बोलले. आरोहीसाठी.

दाणे ताटात पडले आणि आक्कांनी—

मंगळवार, २ डिसेंबर

आई तिला घेऊन कालच परत गेली. नेऊ नको म्हणायचं होतं, की नेच म्हणायचं होतं — आठवत नाही. किल्ली माझ्याजवळ आहे. क्वार्टर छान आहे. आरोही. आरोही. आरोही. हे इथे लिहून ठेवते.

भूक नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

मागची पानं वाचली. जागोजागी एक शब्द आहे, तीन अक्षरांचा. वाचता येतो. पण तिसऱ्या अक्षरावर पोचेपर्यंत पहिलं — तेवढ्यात जातं.

माझी मुलगी. मला मुलगी आहे, एवढं अजून —

शनिवार

तेजस्वीला लिनन रूममध्ये गाठलं. हात धरला. माझ्या लेकीचं नाव सांग म्हटलं. एकदाच. तुला माहीत आहे, माईकवर तूही ऐकलंस.

ती हसली. म्हणाली, "क्वार्टर बी तुला, सत्कार बी तुला, आता नाव बी मीच सांगू व्हय?"

मी — हे मी कुठेतरी आधी —

सोमवार

सभा झाली. पुढच्या रांगेत उभी होते. पाय दुखत नाहीत. शेजारी एक चांगली सिस्टर असते, येळ्ळूरची. आम्ही बोलत नाही. सत्कार तेजस्वी सिस्टरचा. टाळ्या वाजवल्या.

रविवार

ओपीडीत वडगावहून एक म्हातारी आणि लहान मुलगी आल्या होत्या. केस पेपर होता. मुलीला तपासलं. ताप नाही, घसा साफ. खूप रडत होती. इंजेक्शन नाही देणार म्हटलं तरी पदर सोडेना. मला मम्मी म्हणत होती. घाबरली की म्हणतात मुलं.

म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत बघून मुलीचं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. म्हणाली, तुझ्या वहीत लिही, आत्ता माझ्यासमोर लिही.

वही उघडली आहे. ती समोर उभी राहून सांगते आहे. लिहिते. मुलीचं नाव आ