धारेवरच्या टर्कींची खबर

क्लिफ्टी खोरं, मिझुरी
गुरुवार, ३ एप्रिल

आदरणीय मेव्हणेबुवा थर्मन यांना अर्लिसचा नमस्कार.

तुमचं पोट, तुमची कंबर आणि तुमचा तो ट्रक, तिन्ही चालू स्थितीत असतील अशी आशा आहे. इथे माझं बरं आहे. बरं आहे म्हणजे उठतो, बसतो, जेवतो (काय जेवतो ते पुढे येईल) आणि कोणी विचारलं तर बरं आहे म्हणून सांगतो. फेब्रुवारीत नेडीनला मातीत ठेवून आपण दफनभूमीच्या फाटकाशी उभे होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अर्लिस, डोंगराच्या धारेवर पक्षी असतील तर कळव, मी येतो. नसतील तर नुसतं रडायला बोलावू नकोस. माझ्या बहिणीशिवाय ते घर मला बघवणार नाही." ते वाक्य मला पाठ झालंय. रानटर्कीच्या शिकारीचा मोसम एकवीस तारखेच्या सोमवारी उघडतो. अडतीस वर्षं आपण तो मिळून उघडला. यंदाही तुम्ही यावं एवढंच मला हवं आहे, आणि त्यासाठी पक्षी सापडले पाहिजेत. म्हणून गेले दोन आठवडे मी रोज पहाटे उठून टेहळणीला जातोय. त्याचा हा वृत्तान्त. कंटाळलात तर मधलं सोडा, पण शेवटचं वाचा.

पहिल्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आधीच धारेच्या वळणावर ट्रक उभा केला, दिवे मालवले, थर्मासमधली कॉफी ओतली. दोन पेल्यांत ओतली. (दुसरा पेला मीच प्यायलो. कॉफी टाकून दिलेली तिला खपत नसे.) मग खाली उतरून घुबड झालो. झाडावर झोपलेल्या नराला घुबडाचा भारी राग. घुबड ओरडलं की तो उलट गुडगुडतो आणि आपण होऊन आपला पत्ता सांगून बसतो. बापजाद्यांची युक्ती, तुम्हाला मी काय शिकवणार. (मादीची हाक काढलेली नाही, घाबरू नका. मोसमाआधी मादीची हाक काढून पक्ष्यांना शहाणं करून ठेवणारा माणूस आमच्या घराण्यात नाही. तुमच्यात एक होता, पण तो वारला.) आता घुबड काय म्हणतं, ते आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं: "तुझं रांधतं कोण? तुम्हां सगळ्यांचं रांधतं कोण?" पन्नास वर्षं मी ते ओरडत आलो, पण काय विचारतोय याकडे कधी लक्ष गेलं नाही. यंदा तोंडाभोवती हात धरून अंधारात एकट्याने विचारलं, तुझं रांधतं कोण, आणि पुढचं ओरडायचं राहूनच गेलं. आज सात आठवडे झाले, थर्मन. मला तिची फार आठवण येते. चर्चच्या बायका दर मंगळवारी एक भलंमोठं भांडं आणून ठेवतात. त्यात नूडल्स असतात, मशरूमचं सूप असतं आणि वर बटाट्याच्या वेफरचा चुरा. देव त्यांचं भलं करो. मंगळवारी आमचं कुत्रं हल्ली सकाळपासूनच ओसरीखाली जाऊन बसतं.

ओळीने चार दिवस ओरडलो. पलीकडून चकार शब्द नाही. पाचव्या दिवशी म्हटलं, आवाज नाही तर नाही, खुणा तरी बघू. ओढ्याकाठी ओकचा पाचोळा उकरलेला दिसला, पण तो खारींनीही उकरलेला असू शकतो. ओल्या मातीत पंख घासत गेल्याच्या रेघा दिसल्या, पण डोळ्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही. शेवटी शिट सापडली. मादीची असते गोळा, नराची लांबट आणि टोकाला वळलेली. ही नराची होती, याबद्दल मी कोर्टात शपथ घेईन. पुरावा हवा म्हणून रुमालात बांधून घरी आणली आणि स्वयंपाकघरात टेबलावर बशीत ठेवली (निळ्या फुलांच्या बशीत, होय, तुमच्या आईने दिलेल्या). मंगळवार आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पाद्रीबाई भांडं घेऊन आत आल्या, भांडं ठेवायला जागा बघू लागल्या आणि थबकल्या.

"अर्लिस, हे काय आहे?"

"नर आहे," मी म्हटलं. 

त्या माझ्यासमोर बसल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की दुःखात माणसाचं असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग त्यांनी प्रार्थना केली. चांगली लांबलचक केली, आणि बशी सगळा वेळ आमच्या दोघांच्या मध्ये होती. मी डोळे मिटून आमेन म्हटलं. तेव्हापासून आठवड्याला दोन भांडी येतात.

रानात हिंडलं की गोचिडी आल्याच. पूर्वी परत आलो की नेडीन मला दिव्याखाली बसवायची. नाकावर चष्मा, हातात चिमटा आणि तोंडाने लग्नापासूनचे माझे सगळे अपराध तारीखवार. गोचीड निघाली की अपराध थांबायचे, दुसरी सापडली की पुन्हा सुरू. आता माझी पाठ बघायची कोणी? दोन आरसे समोरासमोर धरून पाहिलं, तर हात डावीकडे न्यायचा तो उजवीकडे जातो. शेवटी गावात न्हाव्याकडे गेलो, केस कापून घेतले आणि मग शर्ट काढला. तीन निघाल्या. बिचारा एक अक्षर बोलला नाही. मला वाटत होतं, काहीतरी बोल बाबा, चार शिव्या तरी घाल. घरी येऊन मी शर्ट न घालताच बराच वेळ बसून राहिलो.

आता काल सकाळची गोष्ट. काल नववा दिवस घुत्काराचा. नेहमीप्रमाणे ओरडलो, नेहमीप्रमाणे मान हलवली, ट्रकमध्ये बसलो. तेवढ्यात हॉलिस यारब्रो आला (खालच्या कुरणाचा मालक, तुम्ही ज्याच्या कुंपणात दोनदा अडकला होता तो). ट्रकच्या खिडकीत डोकं घालून म्हणाला, "अर्लिस, तुझं त्या टर्कीशी काही भांडण आहे का रे?"

मी म्हटलं, कुठल्या टर्कीशी?

"कुठल्या म्हणजे? तुझ्या डोक्यावरच्या सिकॅमोरच्या झाडातल्या. तू ओरडतोस, तो गुडगुडतो. तू ओरडतोस, तो गुडगुडतो. माझी बायको खिडकीत उभी राहून ऐकते. मग तू नाही नाही म्हणून मान हलवतोस आणि घरी निघून जातोस. त्या गरिबाने आणखी किती जीव तोडून सांगायचं?"

मी म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे, मी त्याची सवय मोडतोय. हॉलिसने डोकं खिडकीतून बाहेर काढलं. मग दर शब्द सुटा सुटा करून, मोठ्याने म्हणाला, "बरं. घरी. नीट. जा." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तर खबर अशी आहे. नर आहे, दांडगा आहे, आणि हॉलिसच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्याबरोबर चार-पाच माद्या आहेत. तुमची अट पुरी झाली. वरच्या खोलीतली तुमची खाट मी झाडून ठेवली आहे.

तुमचा,
अर्लिस

ता. क. तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल. सहा वर्षं झाली, माणसाचं बोलणं कळतं, पण मला नराची गुडगुड ऐकू येत नाही. कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त नेडीनला माहीत होतं. म्हणून ती दर मोसमात आपल्याबरोबर यायची आणि ट्रकमध्ये मधे बसायची. नर बोलला की हळूच माझ्या गुडघ्यावर बोट टेकवायची आणि हनुवटीने दिशा दाखवायची. मग मी ऐटीत म्हणायचो, "ऐकलंत ना थर्मन, त्या टेकाडामागे," आणि तुम्ही म्हणायचात, "कधीच ऐकलं." अडतीस वर्षांतली शेवटची सहा मी चोरून शिकार केली असं समजा. यंदा मला पक्षी मिळाला नाही तरी चालेल. शेजारी ज्याला ऐकू येतं असं आपलं माणूस बसलेलं हवं आहे. खरी विनंती ही आहे, बाकीची चार पानं त्या विनंतीला लाज वाटू नये म्हणून.

ता. क. दुसरा. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. राहवेना म्हणून तुम्हाला फोन लावला, तो तुमच्या रोंडाने उचलला. म्हणाली, "बाबा शेजारीच बसलेत काका, पण त्यांना फोनची घंटा ऐकू येत नाही. सहा-सात वर्षं झाली. कानाचं मशीन आणून दिलंय, ते मोज्यांच्या खणात पडलेलं असतं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलंय, तेव्हा मी काही बोलले नाही." फोन ठेवला. थर्मन, तिचा दुसरा हात तुमच्या गुडघ्यावर असायचा. मला इतकी वर्षं वाटत होतं, भावाची माया आहे. आपण दोघं बहिरे एकमेकांना "ऐकलं ना, ऐकलं ना" म्हणत होतो आणि ती मधे बसून दोघांचं ऐकत होती, आणि एकाचं दुसऱ्याला तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा पक्ष्यांची अट सोडा आणि या. खणातलं ते मशीन आणा, आळीपाळीने घालू. मधे आता कोणी नाही, म्हणून तुम्हाला माझ्या बाजूला सरकून बसावं लागेल, आणि त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही.