गाडीला पाजलेला नारळ

प्रिय जलीलभाई,

सलाम.

तुम्ही गेल्याला चाळीस दिवस झाले; परवा तुमच्या चाळिसाव्याला जेवायला आलो होतो. शमीमभाभी वाढता वाढता एक गोष्ट बोलून गेल्या, म्हणून लिहायला बसलो. हे पत्र तुमच्यापर्यंत नेणारं कुणी नाही, ठाऊक आहे. पण जन्मभर वर्गात कविता शिकवलेल्या माणसाला लिहिल्याशिवाय मोकळं होता येतं का?

आपल्या दूध सोसायटीची ती जुनी पिकअप आठवते? काय विचारतोय मी! मला जशा कविता पाठ, तशा तिच्या वायरी तुमच्या बोटांना पाठ होत्या.

दुष्काळाचं वर्ष. जनावरं छावणीत, दूधही छावणीतूनच गोळा व्हायचं आणि बीडला न्यायला ती एकच गाडी. इंजिन किती तापलं हे सांगणाऱ्या सेन्सरचं कपलर, म्हणजे वायरी जोडणारी ती प्लास्टिकची डबी, तडकली होती. नेकनूरच्या तुमच्या टपरीपुढं बॉनेटमध्ये डोकं घालून तुम्ही पिना घासल्या, तुटकी वायर जोडून कथलाचा डाग दिला, वर प्लास्टिकची नळी चढवून पेटत्या काडीनं शेकली. डबीचा खटका मोडलेला, नवी मिळेना. म्हणून दोऱ्यानं आवळलीत.

"मास्तर, नवं कपलर यीस्तवर ह्याला वल लागू दिऊ नका."

"जलीलभाई, पाऊसच नाही. ओल कुठली?"

"तुमचं काय सांगावं! कवितेतला पाडताल!"

किती हसलो होतो आपण!

मग खंडेनवमी आली. गाड्या धुऊन हार घालायची आपली रीत. पण टँकरपुढं घागरींची रांग असताना गाडी कशानं धुणार? सोसायटीचा सचिव मी. मनात आलं, हार सगळे बाहेरून घालतात, राबतं ते बिचारं इंजिन. बॉनेट उघडलं, नारळ फोडला आणि थेंबही वाया जायला नको म्हणून सगळं पाणी इंजिनावर शिंपडलं. स्वतः रचलेल्या चार ओळीही म्हटल्या. डोळे मिटून! उघडे असते तर धार कुठं पडतेय ते दिसलं नसतं का?

दिवाळी उलटली आणि मांजरसुंब्याच्या अलीकडं गाडी उकळून बंद पडली. सेन्सरकडून खबरच न आल्यानं काटा हलला नव्हता, पंखा फिरला नव्हता. इंजिनच गेलं. पंधरा दिवस छावणीतलं दूध नासलं. प्यायला पाणी नाही आणि बाया कॅनच्या कॅन मातीत ओततायत, हे मी पाहिलं.

लिंबाखालच्या सभेत चेअरमन गरजले, "ह्या जलीलच्या दोऱ्यानं घात केला!"

तुम्ही ते कपलर हातात घेऊन आलात. पिनांवर हिरवा गंज. बोटानं चाचपून म्हणालात, "साहेब, वल गेलीय ह्यात. अन् साधं पाणी न्हाई हे. चिकट हाय."

आणि माझ्याकडं पाहिलंत.

मी मान वर केली नाही. इतिवृत्त लिहीत होतो ना! 'मेकॅनिकच्या निष्काळजी कामामुळे'. काय वळणदार अक्षर काढलं होतं मी!

सोसायटीनं तुम्हाला काम देणं बंद केलं, मग गावानं. टपरी उठली. बीडला दुसऱ्याच्या गॅरेजात, तुमच्याहून लहान मालकाच्या हाताखाली राबलात. एसटी स्टँडवर भेट व्हायची. "काय मास्तर, नवी कविता?" एवढंच विचारायचात. मी स्वतःला समजावलं, ह्यांना काही कळलेलंच नाही.

परवा भाभी म्हणाल्या, "पोटभर खा, मास्तर. आमच्यात लई नाव निघायचं तुमचं. घरात नारळ आला की हे हसायचे. म्हनायचे, मास्तरानं गाडीला नारळ पाजला अन् ठसका मला लागला!"

मी विचारलं, "मग सभेत त्यांनी का म्हून सांगितलं न्हाई?" तोंडातून तुमचीच बोली निघाली.

"मी बी तेच इचारलं. तर म्हनले, मास्तर पोरांना खरं बोला म्हनून शिकवतेत. उद्या वर्गात कसं उभं राहतील?"

उभा राहिलो, जलीलभाई. निवृत्त होईपर्यंत रोज उभा राहिलो, फळ्यावर सुविचार लिहीत. तुम्ही माझी लाज राखलीत आणि मी तुमची भाकरी घालवली. एकदा तरी स्टँडवर माझी कॉलर धरायचीत! चारचौघांत ओरडायचंत! एवढं कशाला सांभाळलंत मला?

सोसायटी अजून आहे. पुढच्या महिन्यात सभा आहे, त्याच लिंबाखाली. जुनं इतिवृत्त कपाटात आहे. कालच जाऊन पाहून आलो. शमीमभाभींना पुढं बसवून, सगळ्यांसमोर सांगणार आहे. मग त्या ओळीशेजारी लिहीन: 'जलीलभाईंचं काम चोख होतं. ओल मी घातली.' हात आता थरथरतो, अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे. पण ह्या वेळी डोळे उघडे ठेवीन.

तुमचा,
गाडीला नारळ पाजणारा
मास्तर