नाकापर्यंत आलेला तांब्या

१९ जानेवारी, रविवार

बारा दिवस उरले. एकतीसला निवृत्त! धुकं इतकं की बाल्कनीतून समोरचे क्वार्टर्सही दिसत नाहीत. आर. के. पुरम कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवलंय.

तांब्या चिंचेनं घासला. आईनं लग्नात दिलेला, पितळी. पाणी त्याला माहीतच नाही — अठ्ठावीस वर्षं पोटात वाळू. पहाडगंजच्या आमच्या शाळेत नववीच्या प्रत्येक वर्गापुढं तो झुललाय. छताला दोरीनं टांगायचा, मागे ओढून माझ्या नाकाला टेकवायचा आणि सोडायचा. वर्गभर झोका घेऊन तो थेट तोंडावर परत येतो — आणि नाकापाशी थांबतो. जेवढ्या उंचीवरून सुटला त्याहून वर चढायचं बळच नसतं त्याच्यात. उंचीचा वेग होतो, वेगाची पुन्हा उंची. मला अजून हे जादूसारखं वाटतं.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. तो परत येताना मी डोळे मिटते. दरवर्षी!

२१ जानेवारी

पुढच्या बुधवारी प्रयोग. प्रणितानं वर्गात विचारलं, "मॅडम, सच्ची भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "बिल्कुल नाही." वर नेहमीचं पालुपद — विज्ञान उघड्या डोळ्यांनी पाहायचं असतं! कसलं हे माझं तोंड! मिटलेले डोळे मुलांना दिसत असणारच. दिल्लीची पोरं, सोडणारी थोडीच? पण इतक्या वर्षांत एकानंही चेष्टा केली नाही. बिचारी दया करत असतील.

जाण्याआधी एकदा उघड्या डोळ्यांनी बघायचंय. बाकी काही नको. निरोपाची शालही नको.

२६ जानेवारी, रविवार

नवरा आत टीव्हीवर परेड बघत होता, म्हणून गुपचूप बाल्कनीत सराव. कुंडीच्या हुकाला तांब्या टांगला. डोळे उघडे ठेवले — आणि नाकावर दाणकन आपटला! माझं ओरडणं ऐकून हरीश धावत आला.

"ढकललास तू तो."

"सोडला."

"अगं, खिडकीतून बघत होतो मी. ढकललास!"

नाकाला बर्फ लावून विचार करत बसले. खरंच ढकलला असणार. डोळे मिटले की हात सैल सुटतो. उघडे असले की भीतीनं तोच हात त्याला दूर लोटतो, आणि लोटलेलं सगळं पदरात घेऊन तो परत येतो. निवृत्तीच्या तारखेलाही मी अशीच लोटतेय बहुतेक.

२७ जानेवारी

शाळेत अंबादास — आमचा जुना शिपाई — शिडी लावून छताची कडी तपासत होता. "मॅडम, नाकाला काय झालं?" मी म्हटलं, "दार लागलं." खोटं बोलायची सवयच जडली! म्हणाला, "परवा मी पण येणार हां. एक साल नाही चुकवलं."

२८ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. धुक्यात तांब्या झुलत होता, दोरीशिवाय. वर जाताना हळू, आणखी हळू. टोकाला पोचून थांबला, तिथं वेग नाहीच. किती शांत होतं! मग खाली आला, सोनेरी रेघ ओढत, पुन्हा वर. त्याला कसलीच घाई नव्हती. मी खाली उभी राहून नुसती बघत होते. जागी झाले तेव्हा मूठ उघडी होती.

२९ जानेवारी, बुधवार

नुसती बोटं उघडली. डोळे मिटले नाहीत. तो आला, मोठा मोठा होत आला, नाकापासून बोटभर अंतरावर थांबला — पितळेत माझं सुजलेलं नाक! — आणि निवांत मागे फिरला. मग त्याच्यामागचा वर्ग दिसला. चाळीसच्या चाळीस मुलं डोळे घट्ट मिटून बसलेली. दारात अंबादास, तोही तसाच.

अठ्ठावीस वर्षांत हा प्रयोग आज पहिल्यांदा कुणीतरी पाहिला.